कसब आणि इज्जत

कुठल्याही उर्दू माध्यमाच्या शाळेचे हजेरीपत्रक उघडून पाहावे. अत्तार, तांबोळी, बागवान, मनियार, पिंजारी, शिकलगार, मोमीन, पखाली, नालबंद अशी आडनावे एकाखाली एक दिसतील. ही नावे वाचली की जुन्या बाजारपेठेतून फिरून आल्यासारखे वाटते. तांबोळी पाने विकी, मनियार बांगड्या भरी, पिंजारी कापूस पिंजून गाद्या करी, शिकलगार शस्त्रांना धार लावी, पखाली मशकीतून घरोघर पाणी पोचवी आणि नालबंद घोड्यांना नाल ठोकी. पुढे नळ आले आणि पखालीचे काम संपले. टांगे गेले, त्यांच्याबरोबर नालबंदही गेला. फोमच्या गाद्या आल्या आणि पिंजाऱ्याच्या धनुकलीचा आवाज मोहल्ल्यातून नाहीसा झाला. आमचे नाशिक तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेले. या भांड्यांना नवसागर आणि कथील लावून चकाकी आणणारा कल्हईवाला गल्लीगल्लीत भाता मांडून बसायचा. स्टीलची भांडी घरात आली आणि त्याच्या मुलांना दुसरे काहीतरी शोधावे लागले. धंदा गेला, आडनाव तेवढे राहिले.

ही गोष्ट फक्त महाराष्ट्राची नाही. उमर खय्याम हा मोठा गणिती आणि खगोलाचा अभ्यासक. खय्याम म्हणजे तंबू शिवणारा. ज्यांना बगदादमध्ये इ. स. ९२२ मध्ये मृत्युदंड दिला गेला, त्या मन्सूर हल्लाज यांच्या नावातला हल्लाज म्हणजे आपला पिंजारीच. फरीदुद्दीन अत्तार यांच्या नावात अत्तर आणि औषधे विकण्याचे दुकान आहे. म्हणजे माणसे एका कामातून दुसऱ्या कामात जात आली आहेत, आणि मागचे काम नावात घेऊन पुढे गेली आहेत. यात लाज वाटण्यासारखे काही आहे, असे त्या काळी कोणाला वाटल्याचे दिसत नाही.

मग आज आपल्याला का वाटते? हा प्रश्न मला शिक्षिका म्हणून रोज पडतो. ‘मोठेपणी मी कोण होणार?’ हा निबंधाचा जुना विषय आहे. वह्या तपासायला घेतल्या की डॉक्टर, इंजिनिअर, पायलट, पोलीस आणि शिक्षक एवढेच भेटतात. मुलांनी मोठी स्वप्ने पाहावीत, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्यांचे वडील भद्रकालीत भाजी विकतात, गॅरेजमध्ये गाड्या दुरुस्त करतात, सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कंत्राटी काम करतात, त्यांच्या निबंधात वडिलांचे काम एका ओळीतही येत नाही. मुलांना हे कोणी शिकवलेले नसते, तरी घर आणि शाळा मिळून त्यांना ते बरोबर शिकवतात. शाळेच्या अर्जात ‘पालकाचा व्यवसाय’ असा रकाना असतो. त्यात बहुतेक ठिकाणी ‘मजुरी’ हा एकच शब्द लिहिलेला असतो. गवंडी, वेल्डर, शिंपी, हमाल सगळे त्यात बुडून जातात. आईच्या रकान्यात ‘गृहिणी’ लिहिले जाते. तीच आई दुपारभर साड्यांना फॉल-बिडिंग करून घराचे वीजबिल भरत असते, पण ते काम कागदावर येत नाही.

माझे बालपण मालेगावचे. तिथे मुलाला अभ्यासाला बसवण्यासाठी एक वाक्य सर्रास वापरले जाते. ‘पढ़ेगा नहीं तो लूम चलाएगा.’ घरातले म्हणतात, शेजारी म्हणतात, आणि वर्गातही ते ऐकू येते. ज्या मुलाला हे सांगितले जाते, त्याचा बाप त्याच वेळी लूमवर उभा असतो. नाशिकमध्ये लूमच्या जागी हातगाडी येते, एवढाच फरक. मुलाला पुढे ढकलण्यासाठी त्याच्या बापाला खाली ढकलणे कितपत योग्य आहे? आणि तसे न करता मुलाला पुढे कसे न्यायचे? मला हा साधा वाटणारा प्रश्न फार अवघड वाटत आला आहे.

याचे एक तयार उत्तर आपल्याकडे आहे. हलालचे कोणतेही काम छोटे नसते, असे आपण म्हणतो, आणि त्याला आधारही भरपूर आहेत. हाताच्या कमाईचा घास सर्वांत चांगला, असे हदीसमध्ये सांगताना हजरत दाऊद यांचे उदाहरण दिलेले आहे. बादशाही असूनही ते हाताच्या कामावर जगत. लोखंडाची चिलखते बनवण्याचे कसब त्यांना दिले गेल्याचे कुरआनात आले आहे. हजरत झकरिया सुतार होते. खुद्द पैगंबरसाहेबांनी लहानपणी बकऱ्या राखल्या आणि तरुणपणी व्यापार केला. इमाम अबू हनीफा कूफ्यात रेशमी कापडाचे व्यापारी होते. वक्फच्या कायद्यावर ज्यांचा ग्रंथ प्रमाण मानला गेला ते अबू बक्र खस्साफ जोडे शिवून पोट भरत, आणि खस्साफ या शब्दाचा अर्थच मोची असा आहे.

इतके सगळे असताना आपल्या व्यवहारात मात्र वेगळेच दिसते. हनफी फिक्हच्या जुन्या ग्रंथांत लग्नासाठी कुफू, म्हणजे बरोबरी, पाहताना पेशाचाही विचार झाला आहे. त्यात विणकर, शिंगी लावून रक्त काढणारा, कातडी कमावणारा यांना खालच्या बाजूला बसवले गेले. सगळ्या इमामांचे यावर एकमत नव्हते. इमाम मालिक यांच्या मताने दीनदारी महत्त्वाची, पेशा नव्हे. पण आपल्या समाजाने कोणते मत उचलले हे रिश्ता जुळवताना कळते. जुम्म्याच्या बयानात सगळे समान असतात आणि संध्याकाळी बायोडाटा हातात आला की पहिला प्रश्न बिरादरीचा आणि दुसरा मुलगा काय करतो याचा. अश्राफ आणि अज्लाफ हे शब्द आता कोणी उघड उच्चारत नाही, पण त्यांचा हिशोब अजून चालू आहे.

म्हणून ‘सगळी कामे सारखी’ हे वाक्य मी थोडे जपून वापरते. ते खोटे आहे असे नाही. पण ते बोलायला काहीच खर्च येत नाही, आणि ज्याला काही द्यायचे नाही तोही ते आनंदाने बोलू शकतो. मालेगावचेच पाहा. १८५७ च्या बंडानंतर उत्तर प्रदेशातली विणकर कुटुंबे दक्षिणेकडे निघाली आणि त्यांतली बरीच मोसम नदीच्या काठी स्थिरावली. त्यांनी हातमागावर साड्या विणल्या. वीज आल्यावर हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली आणि शहर खटखटाटाने भरून गेले. कामगार बारा-बारा तासांच्या पाळीत एकाच वेळी अनेक माग सांभाळतो. धोटा धावतो आहे का, कांडी संपली का, ताण्याचा दोरा कुठे तुटला, हे त्याला नजरेने आणि कानाने टिपावे लागते. तुटलेला दोरा क्षणात गाठ मारून जोडणे ही साधी गोष्ट नाही, ते वर्षानुवर्षांचे कसब आहे. पण मजुरी मिळते ती विणलेल्या कापडाच्या मापावर. वीज गेली, सूत महागले, बाजार पडला, तर मापही घटते आणि चूलही थंड होते. कापसाची बारीक धूळ छातीत जाते. सततच्या आवाजाने ऐकू कमी येते, म्हणून आमच्याकडचे लोक घरातही मोठ्याने बोलतात.

अशा माणसाला आपण सांगतो, ‘भाई, तुमचे काम फार इज्जतीचे आहे.’ तो ऐकून घेईल, हसेल आणि पाळीवर निघून जाईल. त्या शब्दांचे तो काय करणार? कामाची स्तुती करणे आणि काम ज्या अवस्थेत करावे लागते त्याची स्तुती करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण पहिली करतो असे समजतो आणि प्रत्यक्षात दुसरी करून बसतो. मेहनतीचे गोडवे गाणारे कितीतरी कारखानदार मजुरीवाढीचा विषय निघाला की गप्प होतात.

इथे मला इमाम गझाली यांचा एक विचार फार उपयोगी वाटतो. त्यांच्या ‘इह्या उलूमुद्दीन’ या ग्रंथाला नऊशे वर्षे होऊन गेली. त्यात इल्मची चर्चा करताना त्यांनी शेती, विणकाम आणि शिवणकाम यांना फर्ज-ए-किफायामध्ये धरले आहे. रक्त काढणाऱ्याचे कामही त्यांनी त्यातच घातले आहे, कारण गावात ते काम जाणणारा कोणी नसला तर माणसे जिवाला मुकतील. फर्ज-ए-किफाया म्हणजे काय हे आपल्याला जनाजाच्या नमाजमुळे माहीत असते. तो फर्ज साऱ्या वस्तीवर असतो. काहींनी पार पाडला की बाकीचे सुटतात, आणि कोणीच पार पाडला नाही तर सगळे गुन्हेगार ठरतात.

आता हा नियम विणकामाला लावून पाहावा. कापड विणणे हा साऱ्या वस्तीवरचा फर्ज असेल, तर लूमवर उभा असलेला माणूस माझ्याही वाट्याचे काम करतो आहे. मी वर्गात निवांत फळ्यापुढे उभी राहू शकते, डॉक्टर दवाखान्यात बसू शकतो, कारण कोणीतरी आमच्या बदल्यात तो भार उचलला आहे. तो आमच्यापेक्षा कमी शिकला म्हणून तिथे आहे, एवढेच म्हणून भागत नाही. आम्ही सुटलो आहोत, म्हणजे आम्ही त्याचे देणेकरी आहोत. देणे शब्दांनी फिटत नसते. त्याचा पहिला हप्ता म्हणजे रास्त मजुरी, माणसाला झेपतील एवढे तास आणि छाती-कान शाबूत राहतील अशी जागा. दुसरा हप्ता म्हणजे त्याच्या मुलांपुढे उघडे दार. वस्तीचा फर्ज तोच एक घराणे पिढ्यान्‌पिढ्या का फेडत राहील? बापाने आपला वाटा उचलला. मुलाने तोच उचलावा अशी सक्ती करण्याचा हक्क कोणालाही नाही.

कोणी विचारेल, सगळेच सोडून गेले तर कापड कोण विणणार? प्रश्न खरा आहे. पण तो नेहमी विणकराच्या मुलाला विचारला जातो, डॉक्टरच्या मुलाला कधीच नाही. ज्या कामाची समाजाला गरज आहे ते काम माणसे खुशीने धरतील इतके चांगले करणे, ही समाजाची जबाबदारी आहे. दारे बंद ठेवून माणसे अडकवणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

दारे किती बंद होती याचा हिशोब सच्चर समितीने २००६ मध्ये मांडला. देशाच्या लोकसंख्येत मुसलमान १३.४ टक्के, आणि भारतीय प्रशासन सेवेत ३ टक्के, पोलीस सेवेत ४ टक्के, परराष्ट्र सेवेत १.८ टक्के. त्याच अहवालात आणखी एक गोष्ट होती. पगारी नोकरीपेक्षा स्वतःच्या छोट्या धंद्यावर जगणाऱ्यांचे प्रमाण आपल्यात जास्त आहे. ‘हमारे लोग किसी की नौकरी नहीं करते’ असे आपल्यातले काही जण यावर अभिमानाने सांगतात. काहींच्या बाबतीत ते खरेही असेल. पण ज्याने नोकरीचे दार ठोठावून पाहिले आणि ते उघडले नाही, त्याच्या हातगाडीला स्वातंत्र्य म्हणणे ही क्रूर थट्टा आहे.

दार थोडे किलकिले करण्याचे काम महाराष्ट्रात मुस्लिम ओबीसी चळवळीने केले. जालन्याच्या शब्बीर अन्सारी यांनी ती उभी केली आणि दिलीपकुमार यांच्यासारखा माणूस तिच्या सभांना गेला. १९९४ मध्ये राज्य सरकारच्या निर्णयाने मुसलमानांतल्या कसबी जातींना ओबीसी सवलतींचा मार्ग मोकळा झाला. मला यातली एक गंमत विचार करायला लावते. कॉलेजच्या प्रवेशासाठी पोराला दाखला हवा असतो, आणि दाखल्यासाठी आजोबा पिंजारी होते, शिकलगार होते, मोमीन होते, याचे जुने कागद शोधावे लागतात. जे आडनाव लपवण्यासाठी काहींनी ‘शेख’ आणि ‘खान’ लावायला सुरुवात केली होती, तेच आता ट्रंकेतून बाहेर काढावे लागते. धंद्यातून बाहेर पडण्यासाठी आपण त्या धंद्याचे आहोत हे आधी कबूल करावे लागते. मला हे बरोबरच वाटते. ज्या कामाने घर इथवर आणले, त्याचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येऊ नये.

दिलीपकुमार या चळवळीत आले, त्याच्या मागेही एक धंदा होता. पेशावरहून आलेल्या त्यांच्या वडिलांचा फळांचा व्यापार होता. आपल्या देवळालीत त्यांच्या बागा होत्या, आणि छोटा युसूफ तिथल्याच बार्न्स स्कूलमध्ये शिकला. वडिलांशी खटका उडाल्यावर हा मुलगा पुण्याला गेला, लष्कराच्या कँटीनमध्ये सँडविच विकू लागला. पुढे बॉम्बे टॉकीजमध्ये गेला आणि १९४४ मध्ये ‘ज्वार भाटा’तून पडद्यावर आला. नाव बदलण्याचे एक कारण वडिलांची भीती हे होते, कारण सिनेमात काम करणे त्यांना हलके वाटत होते. फळे विकणे इज्जतीचे आणि अभिनय कमीपणाचे, असा तो हिशोब. आज कोणाला विचारले तर तो हिशोब नेमका उलटा निघेल. यावरून कामांची उतरंड किती कच्च्या मातीची असते ते कळावे. एका पिढीत वर असलेले मडके दुसऱ्या पिढीत खाली जाते, पण प्रत्येक पिढी आपलीच उतरंड कायमची समजून माणसांना त्यात बसवते.

शिवाय माणूस त्याच्या कामात संपूर्ण मावतही नाही. शाहीर अमर शेख यांचे खरे नाव मेहबूब हुसेन पटेल, जन्म १९१६ चा, बार्शीचा. ते मोटारीवर क्लीनर होते, गिरणीत कामगार होते, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या आवाजाने मैदाने दणाणली. मालेगावचे शेख नासिर व्हिडिओ पार्लर चालवीत. त्यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला आणि पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’. त्यातला सुपरमॅन झालेला शफीक हा लूमवर काम करणारा तरुण होता. पुढे तो कॅन्सरने गेला. फैजा अहमद खान यांनी या मंडळींवर माहितीपट केला, आणि २०२५ मध्ये रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ देशभर थिएटरांत लागला. या पोरांची गोष्ट ऐकून लोक हसतात, कौतुकही करतात. मला मात्र त्यात एक साधे म्हणणे ऐकू येते. आम्ही लूम चालवतो, पण आम्ही फक्त तेवढेच नाही. ‘कोण होणार?’ या प्रश्नाला आपण धंद्याचे नाव सांगून मोकळे होतो, पण धंदा हे फार तर ‘काय करणार?’ याचे उत्तर झाले. कोण होणार, हे उरतेच.

मुलींच्या बाबतीत हा प्रश्न आणखी वेगळ्या तऱ्हेने पुढे येतो. माझ्या पिढीत आमच्या घरांतल्या मुलींना शिकवले गेले ते बहुतेक एकाच दिशेने, बी.एड. करून शिक्षिका व्हायचे. वेळ ठरलेली, सुट्ट्या भरपूर, माहोल सुरक्षित, रिश्त्यालाही अडचण नाही. मला शिकवणे मनापासून आवडते, म्हणून माझे चांगले झाले. पण ज्या मैत्रिणीला हिशोबात गती होती आणि जिला सी.ए. व्हायचे होते, तीही माझ्याच शेजारी बसून पाठ-नियोजन लिहीत होती. बाहेरून पाहणाऱ्याला आम्ही दोघी सारख्याच इज्जतीच्या कामात. आतून मात्र एकीला ते काम पोशाखासारखे होते आणि दुसरीला पिंजऱ्यासारखे. लूमवरच्या मुलाचे आणि तिचे दुःख एकाच जातीचे आहे. काम वाईट म्हणून ते होत नाही, त्या कामाशिवाय दुसरे काही समोर ठेवलेच गेले नाही म्हणून होते.

मग वर्गात काय करायचे? थोडे करता येते. गणितात ताण्याचा हिशोब घेता येतो. अमुक पन्ह्याच्या कापडाला इंचाला इतके दोरे, तर एकूण दोरे किती, आणि एका बीमला सूत किती लागेल. ज्याचे वडील लूमवर आहेत तो मुलगा त्या दिवशी घरी जाऊन त्यांना विचारतो, आणि शाळेच्या वहीत बापाचे कसब पहिल्यांदा उतरते. अर्जातल्या ‘मजुरी’च्या जागी पालकांना विचारून नेमके काम लिहिता येते, आणि आईच्या रकान्यातही. त्याच मुलाला शिष्यवृत्तीचा अर्ज, पॉलिटेक्निकची माहिती, स्पर्धा परीक्षेची तारीख सांगता येते. या दोन गोष्टींत विरोध नाही. बापाची मान खाली घालायला न लावता मुलाची मान वर करता येते.

‘पढ़ेगा नहीं तो लूम चलाएगा’ हे वाक्य आपण घराघरांतून आणि वर्गावर्गांतून काढून टाकले पाहिजे. लूम चालवणे ही सजा नाही. लूमशिवाय दुसरे काहीही करता न येणे ही सजा आहे, आणि ती त्या मुलाने किंवा त्याच्या बापाने ओढवून घेतलेली नाही. शिकलेल्या मुलाने उद्या विचारपूर्वक लूमच धरला, चांगला धरला, मजुरांना नीट मजुरी दिली, तर त्यात वाईट काय? आणि तो डॉक्टर झाला, तर त्याने आपल्या दवाखान्यात लूमवाल्याला खुर्ची द्यावी, एवढीच अपेक्षा.

बाकीच्यांसाठी एक परीक्षा सोपी आहे. पुढच्या वेळी घरात रिश्त्याचा कागद येईल, तेव्हा मुलगा काय करतो याच्या आधी, तो हलालचे करतो का आणि नीट करतो का, एवढे विचारून पाहावे. मिंबरवरची समानता घरात उतरते की नाही, ते तिथेच कळेल.